मनिलाची दोन पत्रं

इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या सुप्रभा देवस्थळीची नोकरी होती माणसं कामावरून काढायची, आणि खोड होती ती टिकवायची. कंपनीची माणसं पार मनिला, जकार्ता, हनोईपर्यंत पसरलेली. साहेबाने ‘याला काढा’ म्हटलं की ती नाही म्हणत नसे. त्या देशाचा कायदा उघडून बसे. जकार्तात आधी माणसाशी बोलणी. हनोईत वर्षाच्या आतलं मूल असलेल्या आईला हात लावायचा नाही. मनिलात तर दोन पत्रं: पहिल्यात आरोप, उत्तराला पाच दिवस, मग त्याचं म्हणणं ऐकायचं, मगच दुसरं, निकालाचं. तोवर साहेबाचा राग निवलेला असे. बाई भारी डांबरट, पण एक अक्षर खोटं नाही.

साहेब म्हणजे मूळचा ठाण्याचा अंबरीश, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. शेवटी तो तिच्यावरच उखडला.

“सुप्रभाताई, तुमच्यामुळे एकही एक्झिट टाइमवर होत नाही. तुम्हालाच जावं लागेल.”

नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि जूनमध्ये तिच्या लेकीची, पूर्वीची, ए-लेव्हल्सची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा. इथे दोन वर्षं भरायच्या आत आठवड्याची नोटीस देऊन नारळ देता येतो. तिची दोन वर्षं भरायला बारा दिवस होते.

“प्रोसेस काय असते?” अंबरीशने सवयीने तिलाच विचारलं.

“माझ्याच केसमध्ये मी कसं सांगू? कॉन्फ्लिक्ट होईल. लीगलला विचारा ना.”

लीगलची लांबलचक ईमेल्स वाचायचा अंबरीशला भारी कंटाळा. त्याने सुप्रभाचंच फोल्डर उघडलं. सगळ्यात वर मनिलाची चेकलिस्ट होती. त्याने तीच उचलली.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं: पाच दिवसांत उत्तर द्यावे. सुप्रभाने हसू दाबलं आणि बोटांवर दिवस मोजले. पाचव्या संध्याकाळी तिने सात पानी उत्तर पाठवलं. मग अंबरीश दोन दिवस लीड्सला गेला, मध्ये वीकेंड आला, मग मीटिंग झाली. तेराव्या दिवशी दुसरं पत्र तिच्या टेबलावर पडलं.

“अंबरीश, काल मला दोन वर्षं झाली. आता काढायला योग्य कारण लागतं,” ती म्हणाली. “तुम्ही लिहिलंय, ‘प्रत्येक प्रकरणात कायदा पाळण्याचा हट्ट धरतात.’ हे लीगलला पाठवू?”

अंबरीशने कपाळाला हात लावला. “द्या ते पत्र परत.”

“देते की. पण मागे घेतल्याचं लेखी द्या,” सुप्रभा म्हणाली. “दोन पत्रं नकोत, एकच चालेल.”