मोजणीत न आलेली माणसं

इंग्लंडमधल्या अख्ख्या कॉव्हेंट्रीत बसवर आमच्या शेजारच्या काकांइतकं प्रेम कुणी केलं नसेल, आणि बसने त्यांच्याइतकं कुणाला ताटकळत ठेवलंही नसेल. मोटारी बनवणाऱ्या या गावात जन्म काढून त्यांनी मोटार घेतली नाही. पंचाहत्तरी उलटल्यावरही बसच्या वेळेआधी वीस मिनिटं ते स्टॉपवर हजर असत. खिशात वही, कंटाळून निघून जाणाऱ्या प्रत्येकासाठी तीत एक रेघ. एका बाईंना त्यांनी, खरंच कंटाळलात की घरी काही विसरलात, असं विचारलं. बाई दुसऱ्या दिवसापासून पुढच्या स्टॉपवर जाऊ लागल्या. काकांनी त्यांचीही रेघ ओढली.

वहीचं मूळ अमेरिकेत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांनी, इंग्लंडला येण्याआधी, तिथे शिकायला गेलेले काका एका रस्ते-सल्लागाराकडे नोकरीला लागले. तिथे रस्तेच का वाढले, हे ते दर रविवारी मला चहाबरोबर सांगत. मोठ्या हायवेंचा नव्वद टक्के खर्च वॉशिंग्टनचं केंद्र सरकार उचलायचं. ट्रामला मात्र तिकिटांवर जगायचं होतं. स्वस्त घरकर्ज मिळायचं ते उपनगरात, आणि तिथवर ट्राम जात नसे. मोटारवाल्यांचा दबाव होताच. "पण सगळं त्यांच्यावर ढकलू नकोस," ते म्हणत. "मोजायला मी होतो." फेऱ्या आधीच निम्म्या झालेल्या एका ट्रामचे प्रवासी त्यांनी मोजले होते. चढले ते मोजले. वाट पाहून गेले ते नाहीत. ट्राम बंद झाली, तिच्या जागी रस्ता आला.

काकू गावाबाहेरच्या नर्सिंग होममध्ये होत्या. तीन वाजता काका दिसले नाहीत, तर चहाला हात लावत नसत. तिकडे जाणारी बस एकच. तिच्याही फेऱ्या कमी झाल्या, आणि एक दिवस क्लिपबोर्ड घेतलेली मुलगी बसमध्ये आली. काकांनी वही पुढे केली. "सॉरी, आय ओन्ली काउंट पॅसेंजर्स," ती म्हणाली.

"चांगली मुलगी आहे रे," काका मला म्हणाले. "मीही हेच म्हणालो होतो."

बस बंद झाली त्या दिवशी मी रजा घेतली. काका स्टॉपवर उभे होते. वेळापत्रक काढून नेलं होतं. काकू थांबल्या असतील, एवढंच मी म्हणालो. ते माझ्या गाडीत बसले, सीटबेल्ट चाचपडत लावला आणि वहीत एक रेघ ओढली.

"कुणाची?" मी विचारलं.

"माझी."

रस्ता मोकळा होता. तीनच्या बऱ्याच आधी पोचलो. त्या वहीतली ती शेवटची रेघ.