दुधनीचा एक्सल

हिरवा दिवा लागला, मी क्लच सोडला, मागून काड्‌कन आवाज आला आणि गाडी जागीच उभी राहिली. इंजिन बोंबलत होतं, पण चाकांपर्यंत काहीच पोचत नव्हतं. शेजारच्या पट्टीवरची गाडी केव्हाच टोकाला गेली होती. लोकांनी ढकलत माझी गाडी बाजूला घेतली. मी हेल्मेट घालूनच आत बसून राहिले, कारण उतरले असते तर सगळ्यांकडे बघावं लागलं असतं.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या ह्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. पॉवरलूमचे सुटे भाग करायचे हा धंदा, आणि ड्रॅग रेसिंग हा नाद. सरळ पट्टी, दोन गाड्या, कोण आधी पोचतं एवढाच खेळ. मी तिथल्याच एका टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायला असते. गाडी हे बनवतात आणि मी चालवते. एकदा गंमत म्हणून मला बसवलं, तेव्हा दिवा बदलल्यावर माझा पाय त्यांच्या आधी सुटतो असं दिसलं. ह्यांनी लगेच सीट माझ्या मापाची करून घेतली.

सोमवारी वर्कशॉपमध्ये मागची चाकं फिरवणारा एक्सल उघडला. त्यातला उजव्या चाकाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, दात असलेल्या टोकाशी पिळवटून तुटला होता, ओला टॉवेल पिळावा तसा. गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, घरगुती वापराची. तिच्यात आम्ही मोठं इंजिन बसवलं, चिकट टायर घातले, आणि मागचा एक्सल मात्र तसाच ठेवला. टायर घसरत होते तोवर तो वाचला. टायरनी जमीन धरल्यावर सगळा जोर त्याच्यावर आला.

"चांगल्या पोलादाचे शाफ्ट करतो," हे म्हणाले. "बाकी आहे तेच ठेवू. वजन वाढायला नको."

"शाफ्ट नाही तुटला तर आतल्या गिअरचे दात जातील," मी म्हणाले. "मी आत बसते ना. सुटताना एक्सलचं सगळं कवचच वळल्यासारखं वाटतं मला."

"वाटतं म्हणजे?"

"म्हणजे वाटतं."

ह्यांच्या एका मित्राने तिसरंच सुचवलं. एका परदेशी गाडीचं भंगार मिळत होतं, त्यात मागची दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होणारी होती. दिसायला सुरेख काम. पण त्यात चाकागणिक दोन-दोन सांधे, आणि प्रत्येक सांधा म्हणजे तुटायची एक जागा. हे दोन दिवस त्याच्या फोटोंकडे बघत राहिले आणि शेवटी फोन खिशात ठेवून म्हणाले, "आपल्याला खड्ड्यातून जायचंच नाही. आपल्याला अखंड एक्सल पाहिजे. माल वाहणाऱ्या गाडीचा."

तसा एक्सल कुठे आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण नाव कुणी काढेना.

दुधनीला माझ्या माहेरी वडिलांची, आप्पांची, जुनी पिकअप लिंबाखाली उभी होती. तिच्यातून त्यांनी वर्षानुवर्षं तुरीची पोती बाजारात नेली. इंजिन बसलं तेव्हापासून ती हललेली नव्हती. रविवारी आम्ही गेलो. आईने कानडीत "ऊट आतेन?", जेवलात का, विचारलं आणि जेवलो म्हटलं तरी ताटं वाढली. जेवणं झाल्यावर मी विषय काढला.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यात बसून किती लांब जातीस?"

"वेशीपासून मार्केट यार्डापर्यंतही नाही."

"आन मग?"

"मग थांबायचं. परत यायचं."

त्यांनी लिंबाकडे पाहिलं. "न्हाय जमायचं," म्हणाले. "मी इंजिन करून घेणार हाय तिचं."

ते कधीच होणार नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांचा आवाज इतका शांत होता की मी विषय तिथेच सोडला. परतताना अक्कलकोट मागे पडलं. मग हे म्हणाले, "त्यांचंही बरोबर आहे." मला रडू आलं. एक्सलसाठी नव्हे. आपण त्यांच्याकडे त्यांच्या गाडीचा तुकडा मागायला गेलो, याचं वाईट वाटलं.

ह्यांनी मग नव्या शाफ्टसाठी पोलाद आणलं. तेवढ्यात एका सकाळी, मी कारखान्यात असताना, आप्पांचा फोन आला.

"पाटे सोडवून एक्सल खाली काढलाय. जावयास्नी टेम्पो घिऊन याला सांग."

"आप्पा, तुम्ही रागावून तर नाही ना?"

"राग कसला, अव्वा?" लाडात आले की ते मला अव्वा, म्हणजे आई, म्हणतात. "तुजी आई म्हणाली, त्या गाडीत आता कोंबड्याच बसत्यात की. मला लई हसू आलं बग. खरं हाय तिचं."

पिकअपचा एक्सल आमच्या गाडीला रुंद पडत होता. ह्यांनी दोन्ही बाजूंच्या नळ्या कापून आखूड केल्या आणि पुन्हा सरळ रेषेत जोडताना वेल्डिंगचे टाके घालत, थंड होऊ देत, मापं घेत पुरा आठवडा घालवला. जुने शाफ्ट कापून चालणार नव्हतं, कापलं की त्यांचं पाणी, भट्टीत आणलेला कडकपणा, जातं. आणलेल्या पोलादाचे नवे केले आणि पाणी द्यायला पुण्याला पाठवले. दोन चाकांना कमीजास्त फिरू देणारं डिफरन्शियल पक्कं बांधून टाकलं, म्हणजे दोन्ही चाकं एकदमच फिरणार. वळताना गाडी अडखळते, पण आम्हाला कुठे वळायचंय? एक्सल पिळू नये म्हणून त्याला पुढे गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी आधार दिला.

पुढच्या शर्यतीला आप्पा आले. धुतलेलं धोतर, टोपी, आणि हातात पाण्याची बाटली. दिवा हिरवा झाला. मी क्लच सोडला आणि पाठ सीटला चिकटली. मागून वळवळ नाही, आवाज नाही. अर्ध्या पट्टीपर्यंत मी पुढे होते. मग इंजिनाचे फेरे वरच्या टोकाला जाऊन अडकले. पिकअपच्या एक्सलमधले गिअरचे दात ओझं ओढायचे होते, सुटायला जोरदार आणि पळायला आखूड. शेजारचा मला मागे टाकून गेला. त्या दिवशी आमचा नंबर शेवटून दुसरा आला.

मी उतरून आप्पांकडे गेले. ते चष्मा पुसत होते.

"कधी सुरू होणार हाय?"

"झाली, आप्पा."

"झाली?" त्यांनी रिकाम्या पट्टीकडे पाहिलं. "एवढ्यासाठी माजा एक्सल नेला व्हय?" आणि हसायला लागले. मग खाली वाकून, हात न लावता, गाडीच्या मागच्या पोटाखाली बराच वेळ बघत राहिले.

पुढच्या रविवारी आम्ही एक्सलचं तेल काढलं. हे बॅटरी धरून उभे होते, मी तेल बोटांत चोळून पाहत होते. लोखंडाचा कीस लागला नाही, म्हणजे आतले दात शाबूत होते. ह्यांनी मला हात पुसायला फडकं दिलं. आता लांब पळणारे दात शोधायचं काम चालू आहे. आप्पा दर आठवड्याला फोन करून विचारतात, मिळाले का. आणि अजून त्यांच्याच पिकअपचे दात चालतात हे ऐकून जरा खूशच होतात, असं मला वाटतं.