स्तामेनाची निवा आणि जाऊबाईंचं वजन

टपालाची पिशवी परत केल्याला सात वर्षं उलटली, तरी ओसोये गावात स्तामेनाला अजून सगळे पोस्टमनबाईच म्हणत. एकोणतीस वर्षं तिने यावोर डोंगरावरच्या सोळा वाड्या पायी तुडवल्या होत्या. निवृत्तीचे पैसे हातात पडताच तिने एकच खरेदी केली. लाल रंगाची, तिच्या मुलीपेक्षा वयाने मोठी असलेली लाडा निवा जीप.

"आता पाय बसतील आणि चाकं चालतील," ती म्हणाली.

पण गाडी एकटीने फिरवायचा तिचा स्वभावच नव्हता. दर शनिवारी ती गावाला इवान्यित्साच्या बाजाराला न्यायची. पुढे तिओसावकाका बसायचे. वय ऐंशी, अंगाने काटकुळे, डोक्यावर कायम हॅट. मागे उजव्या खिडकीशी मिलोय्का, म्हणजे स्तामेनाची थोरली जाऊ. तिच्या डाव्या हाताला चीजचे आणि काय्माकाचे, त्या खारवलेल्या सायीचे, लाकडी डबे. डिकीत बटाटे. गाडीला दारं दोनच, त्यामुळे पुढची सीट दुमडून मिलोय्काला मागे शिरावं लागे. तो सोहळा चांगली पाच मिनिटं चाले आणि तिओसावकाका तोवर हॅट हातात धरून अदबीने उभे राहत.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी गावाखालच्या ओढ्यात गाडीची मागची बाजू दगडावर दाणकन आपटली. सायलेन्सर निखळून पाण्यात पडला. स्तामेना गुडघाभर पाण्यात उतरली, सायलेन्सर उचलला आणि वैतागून बोलून गेली, "मागे जरा कमी वजन असतं ना, तर हे झालं नसतं!"



"कमी म्हणजे?" मिलोय्काने विचारलं. "बटाटे कमी की मी कमी?"

"जाऊबाई, मी आपलं सहज..."

"सहजच! तिओसाव, उठा. सीट दुमडा. मी उतरते."

ती उतरली, आपला काय्माकाचा डबा काखेत मारला आणि तशीच ओल्या चपलांनी चढ चढून घरी गेली. दोघींच्या अंगणांत कुंपण एकच, दोघींचे नवरे एकाच हिवाळ्यात गेलेले, रोजची कॉफीसुद्धा एकत्र. पण त्या दिवसापासून मिलोय्काने कुंपणाकडे पाठ फिरवली. पुढच्या शनिवारी ती तीन किलोमीटर चालत डांबरी रस्त्यावर गेली आणि बसने बाजाराला पोचली. तिच्या चीजशेजारीच आपला माल मांडून बसलेल्या स्तामेनाला तिने "नमस्कार" केला, तोही गिऱ्हाइकाला करावा तसा.

सोमवारी स्तामेना ग्वोझ्देनच्या गॅरेजात गेली. ग्वोझ्देन पन्नाशीचा, बोलायला तिखट, हाताला हुशार. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टेपने दोन्ही मागच्या चाकांवरची जागा मोजली.

"ताई, गाडी मागून बसलीय हे तर आंधळ्यालाही कळेल. पण डावीकडे तीन बोटं जास्त बसलीय. तिकडे कोण बसतं?"

"कोणी नाही. चीज असतं. जाऊबाई उजवीकडे."

ग्वोझ्देन दिवा घेऊन गाडीखाली सरपटला. थोड्या वेळाने खालून हसू ऐकू आलं.

"डावी स्प्रिंग खालच्या वेढ्यात मोडलीय. मोडल्या जागी गंज बघा केवढा चढलाय! वर्ष तरी झालं असेल. उजवी म्हातारी झालीय, पण अखंड आहे. भांडायचंच होतं तर चीजशी भांडायचं."

स्तामेनाचा चेहरा पडला. "तुला कोणी सांगितलं भांडणाचं?"

"बसमध्ये जाऊबाईंनी. सगळ्या बसला."

पहिल्यासारखीच नवी जोडी बसवायला स्तामेना तयार नव्हती. ओझं काही कमी होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ग्वोझ्देनने फडताळातून दुसरी जोडी काढली. मागे भरपूर सामान घालता येईल अशा लांबट गाडीसाठी बनलेली, जाड तारेची. "ही निवाला चपखल बसते. दोन बोटं उंची वाढेल आणि ओझ्याखाली दबणार नाही."

अर्धा दिवस काम चाललं. गाडी मागून उचलून टेकूंवर ठेवली, शॉकअप खालून सोडले आणि जॅक हळूहळू उतरवत ॲक्सल खाली आणला. जुन्या स्प्रिंगा अशा सुटल्या की स्तामेनाने त्या हातानेच ओढून काढल्या. नव्या घालताना तिनेच रबरी बैठका पुसून दिल्या. शेवटी ग्वोझ्देनने मागच्या ब्रेकचा दांडा जुळवला. "मागची बाजू उंचावली की ब्रेकला वाटतं गाडी रिकामी आहे," तो म्हणाला, "त्यालाही समजवावं लागतं." मोडकी स्प्रिंग त्याने कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली. "पुरावा. लागेल तुम्हाला."

येताना स्तामेनाने आय्वार, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची चटणी, भरायला बारा बरण्या घेतल्या. रिकामी निवा वाटेत बकरीसारखी उड्या मारत आली. घरी पोचेपर्यंत दोन बरण्या फुटल्या आणि स्तामेनाची जीभ चावली गेली. तिने ग्वोझ्देनला फोन लावला.

"ही गाडी आहे की करडू?"

"ओझ्याची स्प्रिंग आहे, ताई. रिकामी असली की तिला काम नसतं, मग मस्ती करते. माणसं बसवा."

शनिवारी जाताना सगळं ठीक होतं. बटाटे होते, चीज होतं. परतताना मात्र माल विकला गेलेला, आणि मागे कोणीच नाही. पहिल्या खड्ड्यात तिओसावकाकांची हॅट छताला लागली, दुसऱ्यात डोकं.

"स्तामेना," ते डोकं चोळत म्हणाले, "एक तर मिलोय्काला आण, नाहीतर मला दवाखान्यात ने."

रविवारी सकाळी कागदाची गुंडाळी घेऊन स्तामेना कुंपण ओलांडून गेली. मिलोय्का मिरच्या भाजत होती. तिने वर पाहिलं नाही.

"जाऊबाई, हे बघा."

"काय आहे? सायलेन्सर?"

"स्प्रिंग. डावीकडची. मोडलेली."

मिलोय्काचा हात थांबला. "डावीकडची?"

"हो."

"आणि मी कुठे बसते?"

"उजवीकडे."

"नीट ऐकू आलं नाही. मिरच्या तडतडतायत."

"उजवीकडे!" स्तामेना ओरडली. "उजवीकडची धडधाकट आहे! चूक माझी होती, जाऊबाई, तुमची नव्हती. झालं समाधान?"

मिलोय्काने स्प्रिंग हातात घेतली, मोडकं टोक अंगठ्याने चाचपलं. पुढच्या क्षणी ती इतकी हसली की तिला चुलीपुढच्या स्टुलावर बसावं लागलं. "वर्षभर चीजने गाडी मोडली आणि बदनाम मी!" मग ती उठली, कॉफी ठेवली, रानस्ट्रॉबेरीच्या मुरंब्याची वाटी, चमचा आणि पाण्याचा पेला पुढे केला. परक्या पाहुण्याला देतात तसं साग्रसंगीत. स्तामेनाने मुकाट्याने चमचाभर मुरंबा खाल्ला. ती शिक्षा होती, आणि गोड होती.

"येईन," मिलोय्का म्हणाली. "पण आता पुढे बसेन."

"पुढे नको ना!" स्तामेना कळवळून म्हणाली. "मला तुम्ही मागे हव्यात. तुमच्याशिवाय गाडी उडते. बटाटे विकले जातात, जाऊबाई. तुम्ही तेवढ्या परत येता."

मिलोय्काने मुरंब्याची वाटी पुन्हा तिच्यापुढे सरकवली. "हे तू चांगलं म्हणून बोललीस, असं मी समजते," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी सीट दुमडली गेली, तिओसावकाका हॅट काढून उभे राहिले आणि मिलोय्का आत शिरली. गाडी ओढा पार करून गेली, दगडाला स्पर्शसुद्धा न करता. परतीच्या वाटेवर तिओसावकाका चक्क घोरत होते.

त्या दिवशी बाजारात पलीकडच्या खोऱ्यातला एक मेंढपाळ आपल्या खचलेल्या जीपचं रडगाणं गात होता. मिलोय्काने चीज कापता कापता सुरी थांबवली.

"आधी दोन्ही बाजू टेपने मोजा," ती त्याला म्हणाली. "मग तार किती जाड आहे ते बघा. आणि ब्रेकचा दांडा जुळवायला विसरू नका. माणसांना उगाच दोष देऊ नका. अर्धा किलो देऊ की एक?"

स्तामेनाने मान खाली घातली आणि काय्माकाचा डबा पुन्हा एकदा पुसला. मेंढपाळाने एक किलो घेतलं.