वरून दुसरं पान

देगलूरच्या बसस्टँडसमोर मौलाचाचांची पानटपरी होती. गिऱ्हाइकाला ते वरचं पान कधी देत नसत. चवड डाव्या हातात धरायची, अंगठ्यानं वरचं पान केसभर मागं सरकवायचं आणि त्याच्याखालचं ओढून काढायचं. बघणाऱ्याला वाटावं, वरचंच आलं.

“वरचं उन्हानं वाळतंय, मास्तर. वाळू द्यायचं त्याला. खालची वल्ली ऱ्हातेत.”

मी तिथल्या शाळेत गणित शिकवायचो आणि हौसेनं पत्त्यांची जादू करायचो. वरचा पत्ता राखून खालचा वाटण्याचे प्रकार जादूगारांना ठाऊक असतात. पण ही पकड मी कुठेच पाहिली नव्हती. खिशातला पत्त्यांचा कॅट पुढे केला, तर चाचांनी हात मागे घेतला. “नगं बाबा. घरवाली बघंल तर म्हणंल, म्हाताऱ्यानं जुगार सुरू केला.”

मग विड्याच्या पानांवरच त्यांनी मला वर्षभर शिकवलं. माझ्या हातून पानं फाटायची. “पान हाय मास्तर, फळा न्हाई. हळू.” फाटलेली पानं शेजारच्या शेळीला जायची. “तुमच्यापायी शेळीला सवय लागून राहिली. सकाळीच येऊन हुबी ऱ्हाते.”

पुढे मी लातूरला क्लासमध्ये शिकवायला लागलो. हैदराबादला जादूगारांच्या एका मेळाव्यात ती पकड करून दाखवली. एका वयस्कर जादूगारानं विचारलं, “ही कुणाची?”

“माझीच,” मी म्हणालो.

चाचांनी पत्त्याला कधी हातसुद्धा लावला नव्हता, मग पत्त्यांवरची पकड माझीच, अशी मी मनाची समजूत घातली. पुढे ती पकड माझ्या आडनावानं ओळखली जाऊ लागली. त्या मेळाव्यानंतर सहा वर्षं मी देगलूरला गेलो नाही.

गेलो तेव्हा लकव्याचा झटका येऊन चाचांचा डावा हात गेलेला. टपरीवर सून बसलेली, ते बाजूला खुर्चीत. मी सगळं सांगून टाकलं.

“म्हाइत हाय,” ते म्हणाले. “नातवानं मोबाइलवर दाखिवलं. कुणीतरी पोरगं तुमचं नाव घेऊन करून राहिलं व्हतं. मी घरात सांगितलं, आपला मास्तर हाय. पानाचं काय न्हाई वो. तुम्ही येयाचं का सोडलं?”

सुनेनं लावून दिलेलं पान माझ्या हातातच राहिलं.

चाचा मागच्या वर्षी गेले. आता पकड करण्याआधी मी सांगतो, ही देगलूरच्या मौलाचाचांची. लोक विचारतात, “कोण मौलाचाचा?” उभ्या उभ्या ते सांगता येत नाही. म्हणून हे लिहिलं.