सगळ्यांत संथ नाडी

आमचे काका पेशाने वायरमन, पण सकाळी मैदानावर धावणाऱ्या मुलामुलींचे गुरुजी. त्यांचा एक नियम होता. अंथरुणातून उठण्याआधी प्रत्येकाने आपली नाडी मोजायची आणि ज्याची सगळ्यांत संथ, त्याने त्या दिवशी रांगेत पुढे धावायचं. सरावाने हृदय दणकट होतं, थोडक्या ठोक्यांत काम उरकतं, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण आमचे काका अर्धी गोष्ट कळली की उरलेली ऐकायलाच थांबत नसत.

त्या हंगामात पुढचा मान रोज त्यांच्या मुलीलाच, माझ्या चुलत ताईला, मिळू लागला. काकांची छाती फुगली. ताई मात्र घरी आली की बूटही न काढता पडून राहायची. निवड चाचणी तोंडावर आली आणि तिला चढ चढवेना. बाबा, पाय उचलत नाहीत, असं ती म्हणाली. काका सगळ्यांदेखत कडाडले, "नाडी इतकी छान आणि पाय उचलत नाहीत? कामचुकार आहेस तू." ती खाली मान घालून पुन्हा धावली. मला काकांचा इतका राग आला की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

शेवटी काकूंनी दोघांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे ताईला यंत्राच्या पट्ट्यावर पळवलं, तर धाप लागली तरी ठोके पुरेसे वाढेनात. बाई म्हणाल्या, हृदयात दोष नाही. हृदय संथ ठेवणाऱ्या नसा सरावाने बळकट होतात, ते चांगलंच. पण विश्रांतीविना सराव रेटला तर शरीर इतकं थकतं की पळतानाही हृदयाला वेग घेता येत नाही. मग संथ नाडी ही ताकदीची नव्हे, थकव्याची खूण असते. यंदाची चाचणी विसरा.

काकांचा चेहरा खाडकन उतरला.  रात्री ताईच्या खोलीच्या दाराशी जाऊन हळूच म्हणाले, चुकलं माझं. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"बाबा, कामचुकार सगळ्यांसमोर म्हणालात."

दुसऱ्या दिवशी काका मैदानावर उभे राहिले. शरमेने त्यांना मान वर करवत नव्हती. माझी मुलगी कामचुकार नव्हती, दमली होती, मलाच कळलं नाही, एवढं ते कसंबसं बोलले.  मग रांगेतली एक मुलगी खाली बसली.

"गुरुजी, मलाही कधीपासून पळवत नाहीये. तुम्ही मलाही तसंच म्हणाल म्हणून बोलले नाही."

तिच्यामागोमाग अर्धी रांग खाली बसली.