कोरडा स्पंज

गुनवोर बत्तीस वर्षं आमच्या हृदयाच्या ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून सर्जनच्या शेजारी उभी राहिली, आणि एवढ्या काळात तिचा आवाज चढलेला कोणी ऐकला नाही. उत्तर स्वीडनमधले आम्ही लोक तसेही तोंडाची वाफ जपूनच दवडतो. गुनवोर तर ‘हो’ म्हणायचं झालं तरी नुसता श्वास आत ओढायची.

तिचा एकच हट्ट होता, स्पंजचा. हृदयाचं काम आटोपलं की छातीचं कापलेलं हाड तारांनी आवळतात. त्याआधी हाडाच्या दोन फाकांमध्ये जेंटामायसिन मुरवलेले दोन चपटे स्पंज ठेवायचे. औषध तिथल्या तिथे झिरपतं, जखमेत जंतू माजत नाहीत, आणि स्पंज आपोआप विरून जातो. पण तो कोरडाच आत जायला हवा. कोरडा स्पंज ओल्या हातमोज्याला चिकटतो, म्हणून काही सर्जन तो आधी मिठाच्या पाण्यात बुडवून घेतात. मग औषध राहतं वाटीत.

“भिजवूनच घालायचा तर भांडी घासायचा घाला,” कॉफीच्या वेळी गुनवोर आम्हा नर्सना म्हणायची. “निदान फेस तरी येईल.”

थिएटरात मात्र ती बोलायची नाही. स्पंजचं पाकीट फोडायच्या आधी पाण्याची वाटी उचलून मागच्या टेबलावर ठेवायची, आणि मधे अशी उभी राहायची की सर्जनचा हात पोचू नये. मला वाटायचं, बाई काय धीट आहे! मी स्वतः पहिल्या नंबरची भित्री. आमच्याकडे सर्जनलाही नावानं, अरेतुरेनंच हाक मारतात. पण ‘अरे’ म्हणणं वेगळं आणि ‘थांब’ म्हणणं वेगळं.

ती निवृत्त झाली आणि दीडच वर्षात तिच्याच हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या. ऑपरेशन आमच्याकडेच ठरलं. आदल्या दुपारी मी वॉर्डात गेले.

“आन्नेली, उद्या कोण आहे?”

“सर्जन होकान. शेजारी मी.”

“होकान भिजवतो.”

“माहीत आहे.”

“मला मधुमेह. त्यात हा एवढा देह. माझी जखम चिघळायला नुसतं निमित्त हवंय.” ती खिडकीकडे बघत होती. “आणि मी तर झोपलेली असेन.”

यापलीकडे तिनं काही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटापर्यंत सगळं ठीक चाललं. वाटी मी वेळेवर मागे नेली. पण होकाननं हाडाच्या कडा धुवायला पाणी मागितलं, वाटी परत आली, आणि मी स्पंज त्याच्या हातात देते न देते तोच त्यानं तो बुचकळला. निव्वळ सवयीनं, बर्फात भोक पाडून मासे धरण्याच्या गप्पा मारत.

“तो नको,” मी म्हणाले.

“काय?”

“तो वाया गेला. मी नवीन काढते.”

“अगं, जरा मऊ केला. काही होत नाही त्यानं.”

“होतं. औषध पाण्यात गेलं. टाक तो.”

“आन्नेली, छाती उघडी आहे. ही काय वाद घालायची वेळ आहे?”

“नाही ना? मग टाक तो!”

हे मी इतक्या मोठ्यानं ओरडले की हृदय-फुप्फुसाच्या मशीनवरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला. होकाननं स्पंज टाकला. नवीन घातला तो कोरडा, आणि दुसराही कोरडाच.

दोन महिन्यांनी मी गुनवोरच्या घरी गेले. जखम छान भरली होती, छातीवर नुसती गुलाबी रेघ उरली होती. तिनं कॉफी ओतली. मी होकानची नक्कल करत सगळी हकीकत सांगितली. वाटलं होतं, हसेल. ती हसली नाही.

“रूने नावाचा एक पोस्टमन होता,” ती म्हणाली. “स्पंज नवीनच आले होते तेव्हा. सर्जननं भिजवले. सूचनांचा कागद मी वाचला होता, मला माहीत होतं. पण मी गप्प बसले. त्याची छाती चिघळली. चार महिने उघडी जखम घेऊन पडून होता. मग गेला.”

“पण तो त्यामुळेच गेला, असं कोण सांगेल?”

“कोणीच नाही. म्हणून तर मला कोणी विचारलंही नाही.”

“पण त्यानंतर तू दर वेळी वाटी...”

“वाटी उचलायला कसला धीर लागतो गं? ज्याला तोंड उघडवत नाही, तो वाट्या उचलतो.”

इतकी वर्षं मी हिला धीट समजत आले, आणि ही माझ्याएवढीच घाबरत होती. मला तिची फार दया आली, आणि फार मायाही वाटली.

तिनं कप खाली ठेवला. “तू नेमकं काय म्हणालीस ते परत सांग.”

मी सांगितलं.

“टाक तो,” गुनवोर हळूच म्हणाली. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं.