फलकावरचा एमिल

वेल्मा युरिक माझी शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवला, निवृत्त झाली आणि दर मार्चला माझ्याबरोबर जिल्ह्याच्या शाळकरी मुलांच्या इतिहास स्पर्धेत फुकटची परीक्षक म्हणून यायला लागली. "घरात भिंतींशी किती बोलू, डॉटी?" म्हणायची. तिचा नवरा एमिल कोळशाच्या खाणीत मुकादम. स्फोटात गेला, बरोबर त्याच्या पाळीची माणसंही गेली. चौकशीत ठपका आला एमिलवर. म्हणे, वायू न तपासता माणसं आत नेली.

यंदा केंड्रा नावाची पोर फलक मांडून उभी होती. मधोमध एमिलचा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'एका माणसाची चूक'.

"ऊठ," मी वेल्माच्या कानात म्हटलं. "आपल्या माणसाचा विषय आला की परीक्षकानं बाजूला व्हायचं असतं."

"गप बस गं!"

आमच्या छातीवरच्या बिल्ल्यांवर नुसती पहिली नावं, आडनाव नाही. पोरीला काय कळणार! वेल्मानं विचारलं, "याच्या घरच्यांशी बोललीस का, बाळा?"

"कितीदा तरी फोन केला. बायको आवाज ऐकला की आपटते."

वेल्मा पांढरीफटक पडली. वार्ताहरांनी तेव्हा तिला इतकं पिडलं होतं की अनोळखी आवाज आला की ती फोन आपटायचीच.

पोरीचं काम मात्र चोख होतं. तिला पहिला नंबर दिला. राज्याच्या फेरीआधी फलक सुधारायला मिळतो, म्हणून वेल्मानं शेरा लिहिला, 'पत्नीशी बोलण्याचा पुन्हा प्रयत्न करावा.'

गाडीत बसल्यावर ती रडायलाच लागली. "वायूचं मीटर बिघडलंय, बदलून देत नाहीत, म्हणून तो रोज जेवताना बोंबलायचा गं. माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे हे?"

"मग तूच कर की तिला फोन! नियम गेला खड्ड्यात."

"मी उठायला हवं होतं, उठले नाही. आता परीक्षक त्याचीच बायको होती हे कळलं तर पोरीचा नंबर जाईल. तिनं काय घोडं मारलंय माझं?"

मग बाई फोनपाशी बसून राहिली. चर्चमध्ये पिरोगीच्या करंज्या वळायला यायची, तेही बंद. विमेवाल्यांचे फोन आले, तेसुद्धा तिनं गोडीगुलाबीनं ऐकून घेतले. केंड्राचा आलाच नाही.

राज्याच्या फेरीला आम्ही नुसत्याच बघायला गेलो. फलक होता तसाच. शेऱ्याचा मान राखून पोरीनं कोपऱ्यात एक ओळ तेवढी वाढवली होती, 'पत्नीने बोलण्यास नकार दिला.'

मला असा संताप आला! तिथंच पोरीला गाठून सगळं सांगणार होते. वेल्मानं माझी बाही धरली. चष्मा लावून तिनं ती ओळ वाचली, एमिलकडे बघितलं.

"चल घरी," ती म्हणाली. "तेवढं तरी खरं लिहिलंय."